सीतेचे दुःख कोणत्या कलेत किती मावते?

एका अध्यापक महाविद्यालयातील विद्यार्थिनीने तीन प्रश्न विचारले आहेत. चित्र, गाणे, नाटक, नृत्य यांतून एकच मानवी भावना वेगवेगळी कशी प्रकट होते? ती भावना कलावंताला स्वतःला जाणवावी लागते का? आणि एकमेकांना न ओळखणारी माणसे कलेमुळे जोडली जातात असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात काय घडते? यांच्या जोडीला 'सर्वांत प्रभावी कला कोणती' असा एक पोटप्रश्नही आहे. त्याचे उत्तर शेवटी देतो.

मी पेटीवादक आहे. सिंधुदुर्गात दशावताराला साथ करता करता हात तयार झाला. पुढे पुण्यात नारदीय कीर्तने, नाट्यसंगीताच्या मैफली, शास्त्रीय गायन आणि अधूनमधून बैठकीची लावणी यांना साथ करत आलो. साथीदार तिरपा बसतो. त्याला कलावंताचा एक गाल दिसतो आणि समोर बसलेल्यांचे चेहरे पूर्ण दिसतात, त्यामुळे कुठे काय घडले आणि त्यानंतर किती वेळाने लोकांत काय हलले, हे पाहण्याची सोय त्याला आपोआप मिळते. माझे उत्तर त्या जागेवरून दिलेले आहे. चित्रकला मात्र मला केवळ पाहणाऱ्याइतकीच कळते, हे आधीच सांगितलेले बरे.

कलावंताच्या मनात भावना काठोकाठ भरलेली असते आणि तो ती श्रोत्याच्या मनात ओततो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्ष प्रयोगाच्या वेळी तो फारसा टिकत नाही. प्रत्येक कलेला काहीतरी करता येत नसते. चित्राला बोलता येत नाही, रागाला प्रसंग सांगता येत नाही, कीर्तनकाराला मदतीला दुसरे पात्र मिळत नाही, जात्यावरच्या ओवीला श्रोतेच नसतात. जे त्या कलेला करता येत नाही ते समोरच्या माणसाला करावे लागते आणि माझ्या पाहण्यात भावना उभी राहते ती याच कामातून. कला बदलली की हे काम बदलते. म्हणूनच एकच दुःख एके ठिकाणी रडवते, दुसऱ्या ठिकाणी नुसते गप्प करते आणि तिसऱ्या ठिकाणी चक्क हसूही आणते.

हवेत बोलण्यापेक्षा एकच प्रसंग घेऊ. गरोदर सीतेला लोकापवादाच्या भीतीने रामाने वनात पाठवले, लक्ष्मण तिला सोडून परतला. आपल्याकडे हा प्रसंग ओवीत आहे, चित्रकथीत आहे, कीर्तनात आहे आणि दशावतारातही आहे. कथा चारही ठिकाणी तीच आहे आणि ऐकणाऱ्याला ती आधीच ठाऊक आहे. त्यामुळे 'पुढे काय होणार' ही उत्सुकता बाजूला पडते आणि कला स्वतः काय करते तेवढेच पाहता येते.

जात्यावरच्या ओवीपासून सुरुवात करतो, कारण तिथे कलेची म्हणून मानलेली जवळजवळ सगळी सामग्री गैरहजर आहे. रंगमंच नाही, वाद्य नाही, वेषभूषा नाही, आणि पहाटेच्या अंधारात गाणारीचा चेहराही दिसत नाही. दोघी बायका समोरासमोर बसून एकच खुंटा ओढतात. एक ओळ उचलते, दुसरी तिला धरून घेते. दगड फिरवायला जोर लागतो तिथे आवाज दबतो आणि दगड आपल्या गतीने येतो तिथे स्वर मोकळा होतो, त्यामुळे ओवीची लांबी आणि तिच्यातला श्वास हे जात्याच्या फेऱ्यानेच ठरवलेले असतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून अशा ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या पुढे जाते आणि आता त्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात सर्वांसाठी खुल्या आहेत. या संग्रहात सीतेचा वनवास हा बायकांचा मोठा आवडीचा विषय आहे. तिथे कैकेयी ही राजकारण करणारी राणी राहत नाही, ती सीतेची सासू होते. आणि त्या परंपरेत एक कल्पना वारंवार येते: सीतेला इतका सासुरवास झाला की तिने तो थोडा थोडा करून देशोदेशीच्या बायकांना वाटून दिला.

ही कल्पना किती धीट आहे ते पाहावे. गाणारी स्वतःच्या सासूबद्दल अवाक्षर काढत नाही, ती सीतेची गोष्ट सांगते. पलीकडच्या खोलीत सासू जागी असली तरी तिला रामायणावर आक्षेप घेता येत नाही. आणि तरीही समोर बसून दुसऱ्या हाताने खुंटा ओढणारी जाऊ किंवा शेजारीण यांना काय म्हटले गेले ते नेमके कळते. दुःख व्यक्त करण्याची ही पद्धत झाकण्याची आहे, आणि जे झाकले ते उघडण्याचे काम ऐकणारीकडे सोपवलेले आहे. वाटून घेतलेला सासुरवास हा तर तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला बायकांनी शिक्षणसंस्थांच्या कितीतरी आधी देऊन ठेवलेला जबाब आहे: माझे दुःख तुझ्यासारखे आहे एवढेच त्या म्हणत नाहीत, ते एकाच ठिकाणाहून आपल्या दोघींच्या वाट्याला आलेले आहे असे म्हणतात.

आता हीच सीता कुडाळजवळच्या पिंगुळीत पाहा. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जपली. परशुराम गंगावणे यांना त्या कामासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. एका आख्यानाच्या सुट्या चित्रांच्या संचाला तिथे पोथी म्हणतात. कथेकरी एकेक चित्र समोर धरतो आणि वीणा, हुडुक (डमरूसारखे लहान चर्मवाद्य), टाळ यांच्या साथीने कथा लावतो. चित्रातल्या माणसांचे डोळे मोठे असतात, चेहरे बहुधा एका बाजूने काढलेले असतात आणि त्या चेहऱ्यांवर आजच्या अर्थाने 'भाव' फारसे नसतात. सीता वनात निघाली तरी तिचा डोळा तसाच, आणि स्वयंवराच्या चित्रातही जवळजवळ तसाच. एखाद्याला ही उणीव वाटेल. पण कथेकऱ्याचा आवाज खाली येतो, हुडुकाचा ठोका विरळ होतो आणि चित्र मात्र समोर तसेच स्थिर राहते, तेव्हा कान पुढे सरकत असतात आणि डोळा एका जागी अडकलेला असतो. त्या न बदलणाऱ्या डोळ्यात आपण ऐकलेले सगळे भरू लागतो. कथेकऱ्याने चित्र किती वेळ धरायचे आणि कधी उलटायचे, यातच त्याची खरी कारागिरी आहे.

नारदीय कीर्तनात गोष्ट वेगळी होते. पूर्वरंगात निरूपण झाले, मध्यंतरी नामाचा गजर झाला की उत्तररंगात आख्यान सुरू होते आणि अंगावर उपरणे घेतलेला एकच माणूस राम, लक्ष्मण, सीता, सारथी असे सगळे होतो. साकी, दिंडी, कामदा, आर्या, कटाव अशी वृत्ते आणि चाली हातात असल्याने त्याला एका क्षणात वेग बदलता येतो. करुण प्रसंगात आमच्या पेटीचे काम कमी होते; भाता हलका ठेवून एक-दोन सूर धरून राहायचे, कीर्तनकाराने वाक्य अर्धवट सोडले तर ते सुराने पूर्ण करायचे नाही, असे मला माझ्या वडीलधाऱ्या साथीदारांनी शिकवले. ते अर्धे वाक्य श्रोत्यांचे असते.

कीर्तनातली आणखी एक युक्ती नाटकवाल्यांना चमत्कारिक वाटते. सीता वनात एकटी उभी आहे, बायका पदराने डोळे पुसत आहेत, आणि नेमक्या त्या क्षणी कीर्तनकार एखादी कोपरखळी मारतो किंवा सरळ नामगजर उचलतो. रसभंग झाला असे म्हणणारे मला भेटले आहेत. माझे मत उलट आहे. तोपर्यंत प्रत्येक जण आपापले रडत होता, ज्याच्या त्याच्या आठवणी वेगळ्या होत्या. टाळी सुरू झाली की तीच माणसे एका लयीत येतात आणि एकट्याने झालेले ते दुःख सगळ्यांच्या मधोमध ठेवले जाते. चांगला कीर्तनकार हे कधी करायचे ते श्रोत्यांच्या श्वासावरून ओळखतो. वाईट कीर्तनकार रडवत राहतो, आणि अर्ध्या तासात लोक घड्याळ पाहू लागतात.

दशावताराबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तो मला सर्वांत जवळचा आहे आणि बाहेरच्या लोकांना त्याचे आश्चर्य नीट समजत नाही. दिवाळीनंतर कोकणात जत्रा सुरू होतात आणि देवळापुढे रात्रभर नाटक चालते. आधी आडदशावतार, म्हणजे मुख्य नाटकाआधीचा ठरीव भाग, मग आख्यान. नेपथ्य म्हणजे एक लाकडी बाकडे. साथीला पेटी, पखवाज आणि झांज. आणि लिहिलेली संहिता नाही. आज कोणते आख्यान, कोणाचा प्रवेश कोणानंतर, एवढे रंगपटात ठरते. संवाद मात्र नटांनी रंगमंचावर उभे राहून, समोरच्याचे ऐकून, जागच्या जागी बोलायचे असतात. स्त्रीभूमिका पुरुषच करतात.

आता लवकुशाचे आख्यान लागले आहे, रात्र अर्धी सरली आहे, आणि लक्ष्मण सीतेला सांगतो की मला तुम्हाला इथे सोडून जाण्याची आज्ञा आहे. पुढचे वाक्य कोणालाच माहीत नाही. लक्ष्मणाला नाही, पेटीवाल्याला नाही आणि सीता झालेल्या नटालाही नाही. कसलेला स्त्रीपार्टी नट इथे घाई करत नाही. तो बाकड्याचा कोपरा धरतो, थांबतो, पदर सारखा करतो. मी षड्ज, म्हणजे सा, धरून वाट पाहत असतो. प्रेक्षकांना रामायण पाठ आहे, तरी या थांबण्यात ते पुढे झुकतात, कारण कथा जुनी असली तरी वाक्य अजून जन्मायचे आहे. मग तो नट कधी रामाला दोष देतो, कधी स्वतःच्या पोटातल्या बाळाशी बोलतो, कधी लक्ष्मणालाच समजावतो की भावोजी, तुम्ही रडू नका. एकाच नटाची सीता एका गावात अशी आणि दुसऱ्या गावात तशी होते, आणि त्यातला बराचसा फरक समोरचे गाव कसे ऐकते आहे यावर ठरतो. पुरुषाचे मनगट, रंगवलेला चेहरा, भाड्याची साडी हे सगळे दिसत असतानाही ती सीता असते. या दृष्टीने अलीकडे 'ट्रिकसीनयुक्त' म्हणून ज्या नाटकांची जाहिरात होते, त्यांत सीता धरणीत जाताना धूर आणि दिवे यांनी जे दाखवतात, ते पाहून मुले खूश होतात हे खरे, पण प्रेक्षकाचे काम यंत्राने करून टाकले की त्याला फक्त टाळ्या वाजवणे उरते.

यातून तुमचा दुसरा प्रश्न समोर येतो: त्या नटाला दुःख होत असते का? भरताच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायीभाव (मनात टिकून राहणारे), तेहेतीस व्यभिचारी भाव (येऊन जाणारे) आणि आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. स्तंभ, घाम, रोमांच, स्वर फुटणे, कंप, चेहऱ्याचा रंग उतरणे, अश्रू आणि मूर्च्छा हे ते सात्त्विक भाव होत. हे आठ ओढूनताणून आणता येत नाहीत, मग जो नट दुःखी नाही त्याला अश्रू येणार कसे, ही अडचण भरताला दिसली होती. त्याने दिलेले उत्तर आजही मला सर्वांत समाधानकारक वाटते: सत्त्व मनातून उपजते आणि ते मन एकाग्र झाल्याने येते. म्हणजे नटाला दुःखी असण्याची अट नाही, पूर्ण एकाग्र असण्याची आहे.

आपल्या रंगभूमीवर याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर नाटक मंडळीने 'मानापमान' प्रथम रंगमंचावर आणले, त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली आणि तरीही त्यांनी भामिनीची भूमिका केली. ही हकीकत नेहमी कर्तव्यनिष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात दुसरी एक बाब महत्त्वाची दिसते. भामिनी ही दुःखी नायिका नव्हे. ती मानी, लाडावलेली, थट्टेखोर आहे. घरातले दुःख त्या भूमिकेच्या उपयोगाचे नव्हते, आणि त्या रात्री प्रेक्षकांना जो आनंद मिळाला तो नटाच्या मनातून उचलून आणलेला असणे शक्यच नव्हते. तो सूर, लय, शब्द आणि एकाग्रता यांतून घडलेला होता. स्वतःच्या दुःखाचा कलेला कधीच उपयोग होत नाही असे मी म्हणणार नाही. पण गाताना गळा खरोखर दाटून आला तर सूर उतरतो हे कोणताही गायक सांगेल, आणि सूर उतरला की श्रोता गाण्यातून बाहेर येऊन गायकाची काळजी करू लागतो.

नाट्यशास्त्रातला आणखी एक भेद व्यवहारात उपयोगी पडतो. करुण आणि विरहाचा शृंगार या दोहोंतही रडणे, झुरणे, रात्र जागणे आहे. पण करुणात आशा संपलेली असते आणि विरहात ती शिल्लक असते. बैठकीच्या लावणीला साथ करताना हा भेद मला पुस्तकाशिवाय कळला. लावणी गाणारी बाई बसून गाते, एकच ओळ घोळवते, आणि प्रत्येक वेळी तिची अदा निराळी असते: एकदा रुसवा, एकदा विनवणी, एकदा टोमणा, एकदा नुसती भुवई. वाईच्या यमुनाबाई वाईकर यांनी, ज्यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली, ही कला शंभरीपर्यंतच्या आयुष्यात सांभाळली. शब्द विरहाचे असतात आणि समोरचे लोक हसत, दाद देत ऐकत असतात, कारण तो येणार आहे ही खात्री त्या बाईच्या डोळ्यांत असते. तीच ओळ आशा काढून गायली, तर ती लावणी राहत नाही. भावना शब्दात असते असे मानणाऱ्यांनी अशी एक बैठक जरूर ऐकावी.

शब्दच नसले तर काय होते, हे रागात दिसते. मारवा घ्या. यात पंचम नाही, रिषभ कोमल आहे, आणि भर रिषभ-धैवतावर आहे. तानपुऱ्यातून षड्ज अखंड ऐकू येत असतो, कान त्याच्याकडे जायला आतुर असतो, आणि गायक षड्ज टाळून त्याच्या अवतीभवती फिरत राहतो. मारव्याची साथ करताना पेटीवाल्याने सवयीने षड्जाची पट्टी दाबली तर तो गायकाची सगळी मेहनत वाया घालवतो. संध्याकाळची हुरहूर म्हणून ज्याचे वर्णन करतात ती या लांबवण्यातून तयार होते. तिथे सीता नाही, राम नाही, घटना नाही. ज्याला जे सोडून जावे लागले असेल ते तो तिथे आणून ठेवतो. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाने काय आणले हे विचारण्याची गरज पडत नाही. पेटीला स्वतःला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर अखंड घसरत जाणे, काढता येत नाही, दोन पट्ट्यांमधला सूर तिच्याजवळ नाहीच. त्याच कारणाने आणि इतरही काही कारणांनी ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ मध्ये अंशतः उठली. बंदी घालणाऱ्यांचा मुद्दा शास्त्राला धरून होता, असे मी पेटीवाला असूनही मान्य करतो. पण गायकाने घेतलेली मींड पेटी दोन टोकांना स्पर्श करून सुचवते आणि मधला भाग कान जोडून घेतो, हेही रोजच्या अनुभवाचे आहे.

वारली चित्रांबद्दल थोडेच लिहितो. दोन त्रिकोणांचे धड, वर गोल डोके, आणि त्या डोक्यावर बहुतेक वेळा नाक-डोळे काही नाही. लग्नाचा चौक गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी लिहीत आल्या. जिव्या सोमा मशे यांनी ती कला विधीबाहेर कागदावर आणि जगभर नेली आणि त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. चेहरा नसताना आनंद कसा दिसतो? तारपा वाजवणाऱ्याभोवती वेटोळे घेत नाचणाऱ्यांची रांग पाहा. कमरेचा कल, पावलांमधले अंतर, एकमेकांत गुंफलेले हात यांतून तो दिसतो. तिथे कोणी एक माणूस आनंदी नाही, रांग आनंदी आहे. नाटकात भावना चेहऱ्यावर शोधण्याची आपली सवय इतकी पक्की झालेली असते की, भावना दोन माणसांमधल्या अंतरातही राहू शकते हे मला तरी या चित्रांनीच दाखवले.

आता माणसे जोडली जाण्याचा प्रश्न. वरच्या प्रत्येक प्रकारात लोकांना करण्यासाठी काही ना काही नेमून दिलेले आहे. ओवीत दुसरी ओळ धरते. कीर्तनात टाळी आणि गजर असतो. पोवाड्यात झीलकरी 'जी जी' म्हणत शाहिराची ओळ उचलतात आणि त्यांच्यामागून सभा उचलते. संगीत नाटकात वन्समोअर, मैफलीत समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताच निघालेली दाद. ही दाद केवळ कौतुक नव्हे. समेवर शंभर माना एकाच क्षणी हलतात तेव्हा प्रत्येकाला कळते की आपण मोजत होतो तेच इतर सगळेही मोजत होते. अनोळखी माणसांमध्ये असा पुरावा एरवी क्वचित मिळतो. दोघांच्या मनात एकच भावना आहे की नाही हे कोणालाच तपासता येत नाही, पण दोघांनी एकाच क्षणी एकच गोष्ट केली हे मात्र दोघांना दिसते. माझ्या मते जोडले जाणे याचा अर्थ एवढाच आहे, आणि तो पुरेसा मोठा आहे. २०२० मध्ये टाळेबंदीत आम्ही पडद्यासमोर बसून मैफली केल्या. सूर पोचत होता, चित्र पोचत होते, समेवर मात्र समोर शांतता होती. गायकांना लांब ताना घ्याव्याशाच वाटत नव्हत्या, कारण ज्यांच्या भरवशावर धाडस करायचे ते ऐकत आहेत की नाही हे कळत नव्हते.

मात्र कला माणसांना जोडते हे विधान सरसकट करणे मला अप्रामाणिक वाटते. ती कोणाला जोडते आणि कोणाला बाहेर ठेवते, हेही पाहावे लागते. समतेचे अभंग शतकानुशतके गायले गेले, तरी पंढरपूरचे देऊळ अस्पृश्य मानलेल्यांना उघडले ते १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. लावणी ऐकायला आलेले प्रतिष्ठित लोक ती गाणाऱ्या बाईला घरी पंगतीला बसवत नव्हते. एका आवर्तनात मान डोलवणारी माणसे आवर्तन संपल्यावर पुन्हा आपापल्या जागी जातात, आणि ती जागा कलेने बदललेली असेलच असे नाही. म्हणून ज्यांना जुन्या मांडवात जागा नव्हती त्यांनी आपले मांडव घातले. आंबेडकरी जलशाने तमाशाचा साचा घेतला, पण त्यातला गणपतीचा गण आणि कृष्णाची गवळण बाजूला ठेवली, आणि त्या जागी नव्या विचाराची गाणी आणली. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) गावोगाव फिरून गात राहिले. त्या गाण्यांतला भाव करुण नव्हता. नाट्यशास्त्राच्या यादीत शोधायचा तर तो उत्साह, म्हणजे वीररसाचा स्थायीभाव. ज्या समाजाकडून दया मागण्याची अपेक्षा केली जात होती त्याने दयेची भाषाच सोडली, हा बदल निबंधांनी जितका घडवला तितकाच ढोलकी, पेटी आणि कोरस यांनी घडवला. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्यांत एकमेकांची भाषा नीट न कळणारेही असतात. गाण्याचे ध्रुवपद मात्र त्यांना एकत्र म्हणता येते.

राहिला पोटप्रश्न. 'सर्वांत प्रभावी कला कोणती' याऐवजी 'मला या क्षणी कोणते काम करायला जमेल' असे विचारावे, असे मी सुचवीन. ज्याला दुःख उघड करायचे नाही त्याला सीतेची ओवी जवळची वाटेल. ज्याला कोणाशीच बोलायचे नाही त्याला मारवा. ज्याला गर्दीत राहून रडायचे आहे त्याने कीर्तनाला जावे आणि ज्याला मान ताठ करून उभे राहायचे आहे त्याने जलशाला. तुम्ही पुढे वर्गात शिकवणार आहात, म्हणून एक करून पाहण्याजोगी गोष्ट सांगतो. पारीच्या संग्रहातली सीतेच्या वनवासाची एक ध्वनिफीत विद्यार्थ्यांना डोळे मिटून ऐकवा. मग तोच प्रसंग दोघांना संहिता न देता समोर येऊन करायला सांगा. तिसऱ्या वेळी त्याचे चित्र काढायला लावा, पण चेहऱ्यावर नाक-डोळे काढायचे नाहीत अशी अट घाला. प्रत्येक वेळी 'तुम्हाला काय वाटले' हे विचारू नका; त्याची उत्तरे मुले शिक्षकाला आवडतील अशी देतात. कुठे अडले आणि अडल्यावर काय केले, तेवढे विचारा. आणि जमल्यास मार्गशीर्षात सिंधुदुर्गातल्या एखाद्या जत्रेला त्यांना घेऊन या. नाटक उशिरा सुरू होते, त्यामुळे दुपारी झोप काढून यावे, अंगावर घ्यायला काहीतरी आणावे आणि पेटीच्या बाजूला जागा धरावी. तिथून नटांचे चेहरे अर्धेच दिसतात, पण समोरचे गाव पूर्ण दिसते.